घरच्या माणसाची गाडी

सातवा महिना लागला तेव्हा तिने नवऱ्याला स्पष्टच सांगितलं, तो डबा मी चालवणार नाही.

डबा म्हणजे नवऱ्याने पसंत केलेली गाडी. उंच, चौकोनी, सरकत्या दारांची, मागे दोन माणसं पत्त्यांचा डाव मांडतील एवढी जागा. नवरा दातांच्या कवळ्या बनवायचा. दिवसभर भिंगातून दाढा घासणाऱ्या माणसाला घाईचं वावडंच असतं. त्याचं म्हणणं एवढंच होतं की आता बाळ येणार, बाळाची सीट मागे तोंड करून बसवावी लागणार, तिला जागा लागते, तेव्हा मुकाट्याने मोठी गाडी घ्यावी.

पण ती गाडी चालवण्यात रमणारी बाई होती. कपड्यांच्या कारखान्यात ती कटिंग मास्तर होती. शंभर थर कापड एकावर एक रचून त्यावरून मशीन फिरवायचं, रेष जरा चुकली की शंभर बाह्या वाया. असं आठ तास श्वास धरून काम केल्यावर घरी येतानाची वीस मिनिटं तिची स्वतःची असत. तिला वळणावर जमिनीला चिकटून जाणारी, पाय टेकला की उसळणारी गाडी हवी होती. आई झालं म्हणून माणसाची आवड गळून पडत नाही, असं ती म्हणायची, आणि नवरा म्हणायचा, "बरं, पण सीट बसली पाहिजे."

आणि दादा होताच की. तिचा थोरला भाऊ गाड्यांच्या शोरूममध्ये विक्री बघायचा. गाडी चालवायला तिला त्यानेच शिकवलं होतं, बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात. ती सतरा वर्षांची, वडील नुकतेच गेलेले, आणि शेजारच्या सीटवर बसलेला दादा सांगत होता, "इंची, ब्रेकवर उभी राहू नकोस, विश्वास ठेव, गाडी थांबते." इंची हे त्याने ठेवलेलं नाव. लहानपणी ती बुटकी होती म्हणून, आणि पुढे गळ्यात टेप घालून हिंडायला लागली तेव्हा ते आणखीच चिकटलं.

"तुझ्यासाठी एक बाजूला काढून ठेवलीय," दादा फोनवर म्हणाला. "ग्राहकांना चालवून दाखवायची गाडी आहे, फार फिरलेली नाही. लाल. घरच्या माणसाला द्यावी अशीच आहे."

शोरूममध्ये लाल गाडी बघितली आणि ती विरघळली. बुटकी, रुंद, मागून आवळलेली. नवऱ्याने दार उघडून मागच्या जागेत डोकावलं. तिने पर्समधून टेप काढली. पुढची सीट नवऱ्याच्या लांब पायांसाठी पार मागे ढकलली आणि मागच्या जागेचं माप घेतलं. मग दादाने स्वतः बाळाची सीट आणली. मागच्या सीटच्या फटीत दोन लोखंडी दांड्या असतात, त्यांना सीटच्या तळाचे आकडे अडकवायचे. टक, टक असा आवाज झाला आणि हिरवी खूण दिसली. दादाने सीटवर हात दाबून ठेवला आणि म्हणाला, "बघ, जरा तरी हलते का?"

"नाही हलत," ती म्हणाली.

"भाऊजी, तुम्ही बघा."

"तुम्ही बसवलीत, मग झालं," नवरा म्हणाला.

परत येताना गाडी तीच चालवत होती. एका लांब वळणावर गाडी अशी घुमली की तिला हसू आलं. त्यांच्याकडेच राहणारी आणि गाडी बघायला बरोबर आलेली तिची आई मात्र मागे उजव्या हाताने दाराची मूठ धरून, खिडकीबाहेर बघत बसली होती. एरवी गाडीत तिच्या तोंडाला खळ नसायची. पोटुशी लेक गाडी चालवतेय म्हणून काळजी करत असेल, असं तिला वाटलं.

मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी घरी सोडायचं ठरलं. त्या दवाखान्यात बाळ गाडीतून जाणार असेल तर दाराशी एक बाई सीट नीट बसवलीय का ते तपासून बघत. पिवळं जॅकेट, कापलेले पांढरे केस, आणि बोलणं शाळेतल्या मुख्याध्यापिकेसारखं. नवऱ्याने गाडी आणून लावली. सीट त्याने सकाळीच बसवली होती, हिरवी खूण दिसत होती, त्यामुळे तो जरा ऐटीतच उभा होता.

बाईंनी दोन्ही हातांनी सीट धरली आणि गदागदा हलवली. मग थांबल्या. पुन्हा हलवली. सीट काढून बाजूला ठेवली, फटीत हात घातला आणि नुसत्या दांडीला धरून ओढलं. बोटांना लागलेला लाल रंगाचा पापुद्रा त्यांनी उजेडात धरून बघितला.

"गाडी मागून कधी ठोकली गेली होती का?"

"छे, जवळजवळ नवीच आहे," ती म्हणाली. बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं. "माझ्या भावाने दिलीय."

बाईंनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा बाळाकडे. "सीट नीट अडकलीय. पण दांडीच हलतेय. नुसती सीट हलली असती तर घट्ट करून दिली असती. ही तोडून पुन्हा जोडलेली दिसते, वरून रंग मारलाय. जोराचा धक्का बसला तर दांडीसकट सीट पुढे येईल. या गाडीतून मी हिला जाऊ देणार नाही."

त्यांनीच तपासणीची चिठ्ठी लिहून दिली, टॅक्सी बोलावली, बाळाची सीट साध्या पट्ट्याने मागे आवळून दिली आणि दोनदा हलवून बघितली. नवरा लाल गाडी घेऊन मागून एकटा आला.

तिने संध्याकाळी दादाला फोन केला. तेव्हाही तिला वाटत होतं, गाडीच्या कारखान्यातली चूक असेल, दादाला कळलं तर तो शोरूम डोक्यावर घेईल.

"अगं, त्या बायकांना काय कळतं," दादा म्हणाला. "दांडी थोडी हलतेच. तू बाळंतीण आहेस, डोक्याला ताप करून घेऊ नकोस. मी आठवड्याभरात येतो, गाडी माझ्या डेंटरकाकांकडे नेतो, वेल्डिंगचे दोन टाके मारून देतो."

गाडीत दोष नाही, तर मग टाके कशाला? फोन ठेवल्यावर हा प्रश्न तिच्या मनात आला आणि तो काही केल्या जाईना. डेंटरकाका तिला माहीत होते. गाड्यांचे चेपलेले पत्रे सरळ करणारा म्हातारा, गावाबाहेरच्या रस्त्यावर त्यांची शेड होती.

बाळ नऊ दिवसांचं झालं तेव्हा तिने आईला बाळाजवळ बसवलं आणि नवऱ्याबरोबर तिथे गेली. आईने विचारलं, कुठे निघालात? ती म्हणाली, औषध आणायला. आईशी ती सहसा खोटं बोलत नसे.

काकांनी गाडी बघितली आणि हातातला हातोडा खाली ठेवला.

"ही तुमच्याकडे कशी?"

"दादाने दिली."

काकांनी मागचं झाकण उघडून डिकीतला गालिचा उचलला. खालचा पत्रा धुऊन न वाळवता घडी घातलेलं कापड चुरगळतं तसा चुरगळलेला होता, आणि मधोमध जोडाची जाड रेघ. "माझंच काम आहे. चार महिने झाले. तुमचा भाऊ सुट्टीच्या दिवशी ही मित्रांना दाखवायला घेऊन गेला होता, शोरूममध्ये न विचारता. उतारावर लावली, हँडब्रेक ओढला नाही. गाडी मागे घरंगळत गेली ती थेट भिंतीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी परत जागेवर हवी म्हणाला. मी म्हटलं, बाहेरून नवी करून देतो, पण आतला भाग बदलायला दोन आठवडे लागतील. तो म्हणाला, वेळ नाही, जोडून टाका." काकांनी हात पुसले. "जोडली. पण मी त्याला बजावलं होतं, पोरी. या दांड्यांना लहान मुलाची सीट लावायची नाही. दोनदा सांगितलं."

नवरा हळूच म्हणाला, "डेंटिंग मीही करतो काका. पण मोडकी दाढ चिकटवून कोणाला चावायला सांगत नाही."

काकांनी मान खाली घातली. त्यांच्या फोनमध्ये तारखेसकट फोटो होते. ते त्यांनी न मागता पाठवले, आणि झालं ते कागदावर लिहून खाली सही केली.

दादा रविवारी आला. बाळासाठी टोपी आणली होती. आई आतल्या खोलीत बाळाला झोपवत होती. तिने दादाला बसायला सांगितलं, फोन त्याच्यापुढे धरला आणि फोटो एकेक करून सरकवले. तिसऱ्या फोटोला त्याने तोंड फिरवलं.

"नोकरी गेली असती गं," तो म्हणाला.

"म्हणून माझ्या गळ्यात मारलीस?"

"मी नीट करून देणारच होतो. बाळ यायच्या आत."

"बाळ येऊन पंधरा दिवस झाले."

त्याने हातातली टोपी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "बाहेरच्या गिऱ्हाईकाला दिली असती तर त्याने तपासून घेतली असती. वर्कशॉपला नेली असती. सगळं उघडं पडलं असतं."

हे त्याने सहज सांगितलं, व्यवहाराची गोष्ट सांगावी तसं. आणि तिला तेच जास्त लागलं. अख्ख्या शहरात डोळे मिटून गाडी घेईल असं माणूस त्याने शोधलं होतं, आणि ती त्याला सापडली होती. तिच्या टेपचं, तिच्या वळणांच्या वेडाचं, लाल रंगाचं, सगळ्याचं गणित त्याला पाठ होतं. केसाने गळा कापायचा तर गळा ओळखीचा लागतो.

आई दारात येऊन उभी राहिली होती. "हळू बोला, बाळ उठेल." मग तिच्याकडे बघून म्हणाली, "झालं ते झालं. घरातलं घरात ठेव. त्याची दोन मुलं आहेत."

"आई, तुला माहीत होतं?"

आईने पदर सारखा केला. "ठोकली होती एवढं माहीत होतं. दांडीबिंडीतलं मला काय कळतंय."

"तू त्या गाडीत बसली होतीस."

"मी मागे बसले होते," आई म्हणाली, आणि आत बाळाकडे गेली.

तिने दादाला एवढंच सांगितलं की उद्या साहेबांना तूच सांग. मी सांगण्यापेक्षा तू सांगितलंस तर निदान माणूस म्हणून उरशील. दादाने मान हलवली, तिच्या डोक्यावर हात ठेवून गेला. तो हात ठेवला तेव्हा तिला वाटलं, सांगेल. या वाटण्याचा राग तिला पुढे कितीतरी दिवस येत राहिला.

मंगळवारी शोरूमच्या साहेबांचा फोन आला. आवाज गोड, पण दोरीसारखा ताणलेला. "तुमची अडचण भावाकडून कळली. पण तुम्ही गाडी नेल्यावर ठोकलीत आणि आता परत घ्या म्हणता, हे बरोबर नाही. भाऊच सांगत होता की आठवा महिना असताना तुम्ही फार वेगात चालवत होतात."

गाडीचं सोडा. तिच्याविरुद्ध वापरायला दादाने तिचा आनंदच काढला होता, जो फक्त त्याला माहीत होता, कारण त्यानेच तो तिला दिला होता.

दुपारी बाळाला दूध पाजून ती नवऱ्याबरोबर शोरूममध्ये गेली. आवाज चढवला नाही. फोटो, त्यांवरच्या तारखा, काकांची सही असलेला कागद आणि पिवळ्या जॅकेटवाल्या बाईंची चिठ्ठी, सगळं टेबलावर ओळीत मांडलं. गाडी तिने घेतली ती तारीख सगळ्यात शेवटी होती. साहेबांनी दोनदा वाचलं. काचेपलीकडे दादा एका जोडप्याला पांढरी गाडी दाखवत होता. त्याने इकडे एकदाच बघितलं आणि पुन्हा त्या जोडप्याकडे वळून हसला.

शोरूमने गाडी परत घेतली. दादाची नोकरी गेली. आई सामान घेऊन दादाकडे राहायला गेली. जाताना म्हणाली, "तुझं खरं आहे, पण त्याला आता गरज आहे." अंगावर पिणारं बाळ असलेल्या लेकीला गरज नाही असं तिला म्हणायचं नसावं. पण अर्थ तोच झाला.

त्यांनी शेवटी दुसरीकडून करड्या रंगाची गाडी घेतली. डबा नव्हे, पण लाल गाडीसारखी बुटकीही नव्हे. वळणावर ठीक. नवऱ्याने ती आधी दवाखान्याच्या दाराशी नेऊन बाईंकडून तपासून घेतली आणि मगच सही केली.

बाळाला दुसऱ्या लशीला नेलं त्या दिवशी दादा दवाखान्याच्या फाटकाशी उभा होता. दाढी वाढलेली. आईने वेळ सांगितली असणार. ती बाळाला सीटमध्ये बसवून पट्टे लावत होती. नवरा गाडीच्या पलीकडे, फोनवर.

"बघू दे ना," दादा म्हणाला.

ती बाजूला झाली. त्याने वाकून बघितलं.

"एकदा हातात देशील?"

"आज नको."

"मग कधी, इंची?"

तिने बाळाचा पट्टा एकदा ओढून बघितला. दार लावलं, पुढे जाऊन स्टिअरिंगपाशी बसली. दादा फुटपाथवरच उभा राहिला, हात खिशात घातलेले.

पहिल्या सिग्नलला गाडी थांबल्यावर शेजारी बसलेल्या नवऱ्याने विचारलं, "काय म्हणाला?"

"वजन छान वाढलंय म्हणाला," ती म्हणाली, आणि सिग्नल हिरवा झाल्यावरही मागच्याने हॉर्न वाजवेपर्यंत तशीच बसून राहिली.