कुंपणाचा दुसरा टप्पा

हरितगृहाभोवतीचं कुंपण पूर्ण झालं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी तिसरं खरबूज पोखरलेलं सापडलं.

घरात सगळे जिला धाकटी म्हणत, ती वेलीजवळ गुडघे टेकून बसली. फळाच्या कुशीला बाटलीच्या झाकणाएवढं भोक होतं. गर जवळजवळ तसाच, बिया तेवढ्या गायब. चोराला खरबुजात रस नव्हता, फक्त बिया हव्या होत्या. पंचाईत अशी, की धाकटीलाही बियाच हव्या होत्या. भुरी न पडणारं खरबूज ती सात वर्षं शोधत होती. दर हंगामात वेलींवर पांढरी बुरशी चढायची आणि ती एकेक वेल उपटून टाकायची. यंदा एक वेल, एकच, हिरवीगार राहिली होती. तिला चार फळं धरली. आता शेवटचं उरलं होतं, आणि त्याला पिकायला अजून दहा दिवस हवे होते. त्याआधी तोडलं तर बिया कोवळ्या, रुजायच्या नाहीत.

"रानडुक्कर," मागून भाऊजी म्हणाले.

भाऊजी म्हणजे तिचे थोरले दीर. तीस वर्षं पूल बांधून निवृत्त झाले होते आणि दोन महिन्यांत घरातली सगळी दारं-खिडक्या दुरुस्त करून रिकामे झाले होते. अशा वेळी पहिलं खरबूज कुरतडून कुठल्याशा प्राण्याने त्यांच्यावर उपकारच केले. त्यांनी नकाशे काढले. फूटभर खोल चर खणून बारीक जाळी पुरली. तिच्यावर विजेच्या तारेचे दोन पदर ओढले. हत्तींचा कळप चालून आला असता तर तोही खट्टू होऊन परतला असता.

"दाताची खूण दोन मिलिमीटरची आहे, भाऊजी. उंदीर आहे."

"डुकराचं पिल्लू असेल."

"एवढ्याशा भोकातून बिया वेचून खाणारं?"

"प्राणी हुशार झालेत हल्ली."

"कोणीतरी व्हायलाच हवं होतं," दारातून सासूबाई म्हणाल्या. "याचे पूल मजबूतच असायचे हो. नदी तेवढी दुसरीकडून जायची."

धाकटीने मुद्द्याला हात घातला. "हातभर जाळी द्या. फळावर टोपलं करते."

"उरलेली जाळी दुसऱ्या टप्प्यासाठी आहे. आत्ता तुकडा काढला तर सगळं माप चुकेल."

दुसरा टप्पा हरितगृहाच्या कोपऱ्यात उभा होता. पावसात गंजू नये म्हणून भाऊजींनी उरलेल्या जाळीचं ते भेंडोळं गोदामातून आणून आत ठेवलं होतं, वर फोमची जाड गादी गुंडाळून. इतकी काळजी त्यांनी स्वतःच्या गुडघ्यांचीही घेतली नव्हती.

सासूबाईंनी स्वयंपाकघरातली स्टीलची चाळणी आणून दिली. धाकटीने ती फळावर पालथी घातली, वर दगड ठेवला, आणि संध्याकाळी जाताना जमिनीवर पिठाचा पातळ थर भुरभुरला.

सकाळी फळ शाबूत होतं. चाळणीच्या कडेची माती मात्र एका बाजूने बोटभर खोल उकरलेली होती. आणखी एक रात्र मिळाली असती तर काम फत्ते झालं असतं. दारापाशी आणि भिंतींच्या कडेला पीठ जसंच्या तसं होतं. बाहेरून कोणीच आलेलं नव्हतं. इवल्या पावलांची रांग वेलीपासून निघून सरळ कोपऱ्यात गेली होती आणि फोमच्या गादीखाली संपली होती.

ती भाऊजींना सांगायला गेली. ते फाटकाबाहेर तीन बागायतदारांना कुंपण समजावून देत होते.

"भाऊजी, तो भेंडोळ्यात राहतोय."

"आत्ता नको गं, मंडळी आलीत."

तिने आत जाऊन भेंडोळ्याच्या दोन्ही तोंडांत पोती कोंबली. एक टोक तिने धरलं, दुसरं सासूबाईंनी.

"दुसरा टप्पा कुठे चाललाय?" भाऊजींनी विचारलं.

"हवापालटाला," सासूबाई म्हणाल्या.

फाटकाबाहेर, कुंपणापासून बरंच लांब भेंडोळं ठेवून धाकटीने पोतं उपसलं. आधी बियांची मूठभर टरफलं घरंगळली. मग एक गलेलठ्ठ उंदीर बाहेर आला, त्याच्यामागे पाच पिल्लं, आणि सगळं कुटुंब गवतात दिसेनासं झालं.

"हे आतच होते की," एक बागायतदार म्हणाला.

"बघा ना," भाऊजी म्हणाले, "नवीन एकही शिरला नाही."

बागायतदारांनी माना डोलावल्या. एकाने चराची खोलीही लिहून घेतली. भाऊजी खुलले. "अगं, मंडळी एवढ्या लांबून आलीत. ते खरबूज काप की."

धाकटी फाटकात आडवी उभी राहिली. "नाही."

"एका फळाने काय होतंय?"

"एकच आहे."

"कच्चं-पक्कं चालेल आम्हाला," एक बागायतदार समजूतदारपणे म्हणाला.

"मला चालणार नाही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण ती जागची हलली नाही. बागायतदार एकमेकांकडे बघू लागले.

"कुंपण दाखवलंस ना त्यांना?" सासूबाई लेकाला म्हणाल्या. "तेच वाढ पोटभर."

त्या दहा दिवसांत भाऊजींनी आणखी दोघांना कुंपण दाखवलं. दोन्ही वेळा धाकटी फाटकातच उभी होती. अकराव्या दिवशी तिने फळ स्वयंपाकघरात कापलं. बिया टपोऱ्या, भरलेल्या होत्या. त्या धुऊन तिने कागदावर पसरल्या आणि गराच्या फोडी सगळ्यांपुढे ठेवल्या.

भाऊजींनी एक फोड तोंडात टाकली. चावायचे थांबले.

"पांचट आहे."

"हो," धाकटी म्हणाली. "गोडी आता यात आणायचीय." आणि तिने बियांचा कागद त्यांच्या कोपरापासून लांब सरकवला.