दार उघडू नकोस

लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर सुमंत गलगली धावायला लागला आणि वैशालीचे रविवार गेले.

सुरुवात साधीच होती. सुमंत धारवाडच्या कोर्टात वकील. दिवसभर बसून काम, त्यात रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, चाला. म्हणून तो केळगेरीच्या तळ्यावर चालायला जाऊ लागला. तिथे अभिषेक आणि त्याची धावणारी मंडळी भेटली. वर्षभरात साखर उतरली, पोट उतरलं, चेहऱ्यावर तजेला आला. वैशाली शेजारणींना कौतुकाने सांगायची, "आमच्या ह्यांनी मनावर घेतलं बघा."

पण मनावर घेतलेलं उतरेचना. दहा किलोमीटर झाले की एकवीस, एकवीस झाले की बेचाळीस. मग सायकल आली. गोव्यापर्यंत जाऊन त्याच दमात परत. मग कोल्हापूरला तलावात पोहून, लगेच सायकल मारून, वर पुन्हा धावायचं. सप्तापूरच्या त्यांच्या घरात गच्चीवर कायम बूट वाळत पडलेले असायचे. जेवणं संध्याकाळीच उरकायची, कारण पहाटे उठायचं. वैशाली हुबळीला लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत गणित शिकवायची. आठवडाभर बसचे हेलपाटे, रविवार काय तो घरचा. त्या रविवारी नवरा दुपारी यायचा, पाय वर करून पडायचा आणि झोपायचा.

ती कुरकुरली की सासूबाई, इंदुमती, म्हणायच्या, "दारू पीत नाही, पत्ते कुटत नाही. पळतो तर पळू दे की गं."

यावर काय बोलणार? व्यसनी नवऱ्याची तक्रार करता येते. सगळं गाव ज्याचं कौतुक करतं, त्याची कशी करायची?

एकदा तिच्या भावाची बेळगावला वास्तुशांत होती. त्याच दिवशी सुमंतची कुठलीशी शर्यत होती. वैशाली एकटी बसने गेली. जेवणाच्या पंगतीत मामांनी विचारलं, "जावईबापू कुठं आहेत?" ती म्हणाली, "पळताहेत." पंगत हसली. तीही हसली. पण परतीच्या बसमध्ये ती धारवाड येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसली.

गेल्या वर्षी माघात अभिषेकच्या गटाने नवीनच काढलं. धारवाडहून हल्याळवरून दांडेली आणि तसंच परत. शंभरावर किलोमीटर, एका दिवसात, पायी. प्रत्येक धावणाऱ्याबरोबर आपापली एक गाडी. गाडीतल्या माणसाने थोड्या थोड्या अंतरावर थांबायचं, पाणी द्यायचं, खायला घालायचं, धीर द्यायचा. सुमंतची गाडी चालवायला उमेश नावाचा मित्र येणार होता. ऐनवेळी त्याचे वडील आजारी पडले.

सुमंत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "वैशाली, तू येशील?"

इतक्या अजिजीने त्याने तिच्याकडे बऱ्याच वर्षांत काही मागितलं नव्हतं. ती कणीक मळत होती. तिने लगेच होकार दिला नाही, पण आत कुठेतरी सुखावली. निदान ह्या निमित्ताने तो कुठल्या जगात राहतो ते तरी बघायला मिळेल, असं तिला वाटलं.

पुढचे आठ दिवस चांगले गेले. तो तिला सगळं समजावून सांगायचा. मिठातले उकडलेले बटाटे कधी द्यायचे, पाण्यात कुठली पूड घालायची, गुडघ्याची गोळी कुठल्या कप्प्यात आहे. दोघं नकाशा बघत बसायची. आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी तो म्हणाला, "एक लक्षात ठेव. शेवटी शेवटी मी थांबतो म्हणणार. सगळेच म्हणतात. मी रडेन, तुला वाट्टेल ते बोलेन. ऐकायचं नाही. गाडीत बसायला आलो तर दार उघडू नकोस."

"आणि खरंच काही झालं तर?"

"काही होत नाही. ते डोकं बोलत असतं, शरीर नाही. कबूल कर बघू."

"कबूल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत निघाले. सकाळ सुरेख गेली. हल्याळपुढचं सागवानी जंगल, गार हवा, आणि वळणावळणावर गाडी लावून उभी असलेली वैशाली. सुमंत लांबून दिसला की ती बाटली धरून रस्त्यावर यायची. तो घोट घ्यायचा, हसायचा, पुढे निघायचा. दांडेलीला पोचेपर्यंत इतर गाड्यांतल्या लोकांशी तिची ओळख झाली. "वहिनी तर उमेशपेक्षा भारी," अभिषेक म्हणाला. तिला ते ऐकून नव्या नवरीसारखं लाजायला झालं.

परतीच्या वाटेला ऊन चढलं. गुडघा बोलायला लागला, म्हणून सुमंतने गोळी मागितली. तिने दिली. हल्याळच्या अलीकडे आणखी एक मागितली. "इतक्या चालतात?" तिने विचारलं. "चालतात," तो म्हणाला. तिने दिली.

हल्याळ मागे पडलं आणि जंगल संपलं. उघडी शेतं, उसाने भरलेले ट्रॅक्टर, धूळ. सुमंत आता बटाटे नको म्हणत होता, पाणी तोंडात घेऊन थुंकत होता. एकदा तो रस्ता सोडून झुडपामागे लघवीला गेला आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा वेगळाच होता. काही सांगायला तोंड उघडलं, पण सांगितलं नाही. पुढे निघाला.

मग एका चिंचेखाली तिने गाडी लावली. तो आला तो धावत नव्हता, पाय ओढत होता. सरळ गाडीपाशी येऊन म्हणाला, "बास. साकु. मला बसू दे."

ती आत बसलेली होती. तिने काच अर्धी खाली केली. "नाही. चला."

"वैशाली, खरंच सांगतोय. मांड्या दगड झाल्यात. दार उघड."

"तुम्हीच सांगितलंय, उघडू नको म्हणून."

"मी सांगितलं होतं, आता मीच सांगतोय, उघड."

त्याने दाराच्या मुठीला हात घातला. वैशालीने बटण दाबलं. चारही दारांची कुलपं एकदम लागली, खट्ट. सुमंतने हात काढून घेतला आणि तिच्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी होतं.

तेव्हा तिच्या मनात जे झालं, ते ती पुढे कितीही पुसायला गेली तरी पुसलं गेलं नाही. तिला दया आली, हे खरं. पण दयेच्या खाली दुसरंच काहीतरी हललं. बघा आता कसं वाटतं, असं काहीतरी. ती पंगत, ते रिकामे रविवार, सगळं त्या बंद दाराच्या आतल्या बाजूला तिच्याबरोबर बसलं होतं, आणि तिला बरं वाटत होतं.

"चला," ती पुन्हा म्हणाली. आवाज वर्गातला होता. "पुढच्या वळणावर थांबते."

तो निघाला.

दिवेलागणीनंतर तो धारवाडला पोचला. विद्यापीठाच्या फाटकापाशी मंडळी उभी होती, टाळ्या वाजवत होती. कुणीतरी हार घातला, पदक घातलं. सुमंतने ते पदक काढून वैशालीच्या गळ्यात टाकलं आणि म्हणाला, "हिचं आहे हे. हिने मला थांबू दिलं नाही." सगळ्यांनी फोटो काढले. त्या फोटोत वैशाली खुलून हसते आहे. इतकी सुंदर ती लग्नाच्या फोटोतही दिसत नाही.

सकाळी सुमंतला उठता येईना. पाय सुजले होते, उलट्या होत होत्या. दुपारपर्यंत एकदाही लघवी झाली नव्हती. अभिषेकने गाडी काढली आणि त्याला हुबळीला मोठ्या दवाखान्यात नेलं.

किडनीच्या डॉक्टरीणबाई कानडीत, शांतपणे बोलत होत्या. अतिश्रमाने स्नायू फुटतात, त्यातलं विष रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडात जाऊन बसतं. पाणी कमी पडलं, वर दुखण्याच्या गोळ्या. "काल लघवीचा रंग काळपट झाल्याचं काही बोलले होते का?"

"नाही," वैशाली म्हणाली. तिला ते झुडूप आठवलं.

"थांबतो असं म्हणाले होते?"

वैशालीने अभिषेककडे पाहिलं. मग डॉक्टरीणबाईंकडे. "म्हणाले होते."

त्यांनी मान हलवली. पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं, असं तिला वाटलं.

कितीतरी आठवडे रक्त यंत्रातून फिरवावं लागलं. मूत्रपिंडं हळूहळू कामाला लागली, पण पुरती नाही. सुमंत घरी आला तो दहा वर्षांनी म्हातारा होऊन आला. मीठ कमी, डाळ कमी, पाणीसुद्धा मोजून. चालायला हरकत नाही, धावणं कायमचं बंद. शेवटची सूचना डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितली.

इंदुमती सुनेला काही म्हणाल्या नाहीत. एकदाच, भाजी निवडता निवडता, त्या पुटपुटल्या, "मी पळू दे म्हणत होते." आणि निवडलेली भाजी पुन्हा निवडू लागल्या.

आता सुमंत रविवारी घरी असायचा. पहाटेच जाग यायची, अंथरुणातच पडून राहायचा. मग पेपर, मग खिडकी. वैशालीने पोहे केले तर अळणी पोहे मुकाट्याने खायचा. कुणाकडे जायचं म्हटलं तर तयार व्हायचा. ती म्हणेल ते करायचा. तिला वाटायचं, ह्याने भांडावं, एकदा तरी तोंडावर म्हणावं, तुझ्यामुळे झालं. पण भेटायला आलेल्यांनाही तो हेच सांगायचा, "चूक माझी. तिने शब्द पाळला." हे ऐकलं की ती उठून आत जायची.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी दोघं केळगेरीला चालायला गेली. अर्ध्या वाटेत सुमंत दमला, म्हणून बांधावरच्या कट्ट्यावर बसली. पाण्यावर धुकं होतं. वैशाली बराच वेळ पायाखालची माती चपलेने उकरत होती.

"मी तुम्हाला एक सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "त्या दिवशी मी नुसता शब्द पाळला नाही. दार लावलं तेव्हा मला बरं वाटलं होतं."

सुमंत पाण्याकडे बघत राहिला. "माहीत आहे मला."

"कसं?"

"काचेतून दिसत होतं की तुझं तोंड."

तिची चप्पल मातीतच थांबली. "मग इतके दिवस बोलला का नाहीत? लोकांना काय काय सांगत बसलात."

"काय बोलू?" तो म्हणाला. "दार उघड, असं मी दोनदा म्हटलं. तू किती वर्षं म्हणत होतीस." मग थोडं थांबून म्हणाला, "आणि त्या झुडपामागे मी बघितलं होतं. लघवी कोऱ्या चहासारखी झाली होती. तुला सांगितलं असतं तर तू दार उघडलं असतंस. तेव्हा मला थांबायचं नव्हतं, म्हणून सांगितलं नाही. नंतर गाडीपाशी आलो ते फारच उशिरा."

"नक्की उघडलं असतं मी?" तिने विचारलं. ती त्याला विचारत होती की स्वतःला, तिलाच कळेना.

"उघडलं असतंस," सुमंत म्हणाला. पण ते तिला धीर द्यायला म्हणाला की खरं मानून, हेही तिला कळलं नाही.

तेवढ्यात बांधाच्या टोकाकडून पावलांचा आवाज आला. अभिषेक आणि मंडळी धावत येत होती, बोलत, हसत. कट्ट्याजवळ येताच त्यांचं हसणं थांबलं. अभिषेकने हात वर केला. सुमंतनेही केला. मंडळी पुढे गेली आणि जरा लांब गेल्यावर त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

सुमंत मान वळवून त्यांच्याकडे बघत होता. वैशाली त्याच्याकडे बघत होती. इतकी वर्षं जे होऊ नये म्हणून ती झुरली, तेच आता व्हावं असं तिला आतड्यातून वाटलं. ह्याने उठावं, मागे वळूनही न बघता त्यांच्यामागे धावत सुटावं आणि दुपारपर्यंत घरी येऊ नये.

ती मंडळी वळणाआड गेली. सुमंतने शाल नीट केली आणि तिला विचारलं, "घरी जायचं?"