गरम पाण्यात आटलेली घोंगडी

मी घोंगडी बोलतेय. हसू नका. तुमची ती गुळगुळीत, फुलाफुलांची ब्लँकेटं बाजारात यायच्या आधीपासून या बीड जिल्ह्यातली थंडी आमच्याच जातकुळीनं अंगावर घेतलीय. एकदा बोलायला लागले की थांबत नाही, हा माझा स्वभाव. पण आज पोटात ठेवून चालायचं नाही.

माझा जन्म हरिबा धनगराच्या मेंढरांच्या पाठीवरचा. काळ्या कोकरांची पहिली लोकर, म्हणजे जावळ, त्यानं हातानं कातरली. त्याच्या बायकोनं, संगीतानं, सूत काढलं आणि विणकरानं चिंचोक्याची खळ लावून मला मागावर विणलं. हरिबानं मला डोक्यावरून घेतलं की मी त्याच्या घोट्यापर्यंत पोचायचे. सुरुवातीला टोचायचे फार. संगीता कुरकुरली, तर हा म्हणाला, "टोचू दे. तू काय कमी टोचलीस का नवी हुतीस तवा?"

दिवाळी झाली की हरिबा मेंढरं घेऊन डोंगरातून खाली उतरतो, जिल्ह्याच्या उत्तरेला, गेवराईकडं, गोदावरीच्या काठी. शेतकरी बोलावतात, मेंढरं रानात बसवून घेतात, जमिनीला लेंडीखत मिळतं. दोन दिवस या रानात, दोन दिवस त्या रानात. असे आठ हिवाळे मी त्याच्या खांद्यावर काढले. बसायला मीच, निजायला मीच. पहाटे एखादी मेंढी व्याली की ते ओलं, थरथरणारं कोकरू आधी माझ्यात गुंडाळलं जायचं. फार सुखात होते हो मी.

मग त्यांची लेक ऋतुजा बारावी सायन्सला गेवराईत राहायला आली. पत्र्याची खोली, सोबतीला वर्गातली वर्षाराणी. आणि पौषातली गेवराई म्हणजे काय सांगू! नदीवरून वारा सुटतो, नळाचं पाणी हाताला चावतं. चहाच्या टपरीवर माणसं कानटोप्या घालून उभी राहतात आणि ग्लास दोन्ही हातांत धरून ठेवतात, चहा निवला तरी सोडत नाहीत. बाजारच्या दिवशी हरिबा लेकीला भेटायला आला. पोरगी पातळ चादरीत पाय पोटाशी घेऊन पुस्तक वाचत बसलेली. त्यानं उंबऱ्याबाहेरूनच मला खांद्यावरून काढलं आणि तिच्या हातात दिलं.

"आबा, अन् तुमाला?"

"मला दुसरी हाय की. तू घे."

दुसरी? कुठली दुसरी? मी जिवाच्या आकांतानं ओरडले, पण घोंगडीचं कोण ऐकतंय!

तो गेला आणि मला करमेना. खोलीत मेंढरांचा आवाज नाही, शेकोटीचा धूर नाही, त्याचं ते खाकरणं नाही. त्यात वर्षाराणी नाक धरून म्हणाली, "ए बाई, लई वास येतोय गं! मेंढरूच आणून बांधलंस का काय खोलीत?" मनानं वाईट नव्हती ती, चेष्टाच केली. ऋतुजाही हसली. पण कान लाल झाले तिचे. जन्मापासून त्याच वासात वाढलेली पोर, तिला तो त्या दिवशी पहिल्यांदा आला.

शनिवारी वर्षाराणी गावी गेल्यावर तिनं बादलीत विजेची कांडी लावून पाणी तापवलं, पावडर टाकली आणि मला त्यात बुडवून धोपटलं. लोकरीला गरम पाणी दाखवायचं नसतं, हे धनगराच्या घरात रांगतं पोरही सांगेल. तिलाही ठाऊक होतं. पण गार पाण्यानं वास जाईना आणि लाजेपुढं शहाणपण टिकलं नाही. मी आटत गेले, आटत गेले. तारेवर टाकल्यावर तिनं बघितलं, तर मी निम्मीच उरले होते. मग चारी बाजूंनी ओढायला लागली. ओढून कुठं येते का लांबी परत?

त्याच संध्याकाळी संगीताचा फोन आला. "तुझा बाप पोतं पांघरून बसतोय गं. दुसरी हाय, दुसरी हाय म्हनत हुता. कशाची दुसरी! खोकून खोकून छाती धरलीय."

रविवारी ऋतुजानं पहिली जीप पकडली. विचारत विचारत रान गाठलं. आमचा कुत्रा धावत आला, पिशवी हुंगली आणि माझ्यावर भुंकला! वासच धुऊन गेला, तर ओळख कशी पटावी त्याला! हरिबा खरंच खताचं पोतं पांघरून शेकोटीपाशी बसला होता. त्यानं मला उलगडलं, डोक्यावरून घेतलं. मी कमरेपर्यंतच पोचले.

"गरम पान्यात घातलीस?"

"हो."

"कावून गं?"

चुकून झालं म्हणता आलं असतं तिला. पण ती म्हणाली, "वासाची लाज वाटली, आबा."

हरिबानं जाळातलं लाकूड आत सारलं. मग म्हणाला, "मलाबी वाटती, बाई. म्हनून तर तुझ्या खोलीत पाय ठेवीत न्हाई. तुझी मैत्रीण म्हनंल, बापाचाबी वास येतो."

हे ऐकलं आणि ती पोर त्या पोत्यासकट त्याला मिठी मारून हमसून हमसून रडली. "ब्लँकेट घेऊन येते" म्हणाली, तर तो म्हणाला, "हीच ऱ्हाऊ दे. पेपर जवळ आलेत. जा, गाडी चुकंल."

आता मी पुन्हा हरिबापाशी आहे. आठ दिवसांत धूर, विडी, मेंढरं, सगळ्यांचा वास अंगात परत मुरला. लांबी मात्र गेली ती गेलीच. त्याचे खांदे झाकावेत तर गुडघे उघडे पडतात, गुडघ्यांवर घ्यावं तर छाती उघडी पडते. मी रोज खाली-वर सरकते आणि रोज कमी पडते. फोनवर मात्र तो लेकीला सांगतो, "लई ऊब हाय."

ऋतुजे, त्याचं ऐकू नकोस. पेपर झाले की ये. त्याला चिकटून बस. माझा काठ जिथं संपतो ना, त्या बाजूला बस.