सहा-सात-आठचा त्रिकोण

चूक सारखी निघाली की कॉपी झाली, हे मी बावीस वर्षं ठासून सांगत आले. बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच येतं, त्यात विशेष काही नाही. चुका मात्र ज्याच्या त्याच्या असतात.

म्हणून २००१च्या सहामाहीला नववीच्या दोन उत्तरपत्रिका पाहून मला संशय आला. प्रश्न सोपा होता: सहा, सात आणि आठ सेंटिमीटर बाजूंचा त्रिकोण काढा. माझी तपासायची पद्धत ठरलेली. अचूक त्रिकोण ट्रेसिंग पेपरवर काढायचा आणि प्रत्येक उत्तरावर ठेवून पाहायचा. तंतोतंत बसला तर एकरूप, पूर्ण गुण. सार्थकचा बसला नाही. तिन्ही बाजू जराशा आखूड. पूर्णिमाचाही बसला नाही. मग मी सार्थकचा त्रिकोण गिरवून तिच्या त्रिकोणावर ठेवला, तर रेघेवर रेघ!

सार्थक वर्गात पहिला, वारज्यातल्या जुन्या जमीनदार हिंमतरावांचा मुलगा. पूर्णिमा त्यांच्या भाडेकरूची मुलगी, परीक्षेत त्याच्या मागच्याच बाकावर बसलेली. मला आणखी काय हवं होतं? मी तिच्या वडिलांना बोलावणं धाडलं.

दीनानाथ कारखान्यातली पहिली पाळी बुडवून आले. मूळचे वाशिमकडचे. माझं ऐकून घेतलं आणि मुलीकडे न बघताच म्हणाले, "बाई, हिनं कॉपी केली असन त शाळा बंद. उद्याच मामाकडं धाडतो हिले."

"बाबा, मी कोणाचंच पाह्यलं नाही," पूर्णिमा म्हणाली. रडली नाही. मला तोही कोडगेपणाच वाटला.

"अस्सं? मग काढ की तोच त्रिकोण इथं, माझ्यासमोर," मी कोरा कागद पुढे सरकवला.

तिने कंपासपेटी उघडली. पट्टीवर अंतर घेतलं, कंपासने दोन कंस मारले, त्रिकोण पूर्ण केला. मी ट्रेसिंग पेपर ठेवला. पुन्हा आखूड! आता तर पुढच्या बाकावर कोणी नव्हतं.

मी कोनमापक काढला. तिन्ही कोन माझ्या त्रिकोणाइतकेच. एक कोपरा जुळवून धरला तर दोन बाजू एकमेकींवर पडत होत्या, तिसरी समांतर. म्हणजे आकार तोच, फक्त माप कमी, आणि तेही प्रत्येक बाजूला एकाच प्रमाणात. समरूप! चुकणाऱ्या हाताला हे जमत नाही.

मी तिची पट्टी माझ्या लाकडी पट्टीशेजारी ठेवली. तिचे पंधरा सेंटिमीटर माझ्या सव्वाचौदावरच संपले.

"ही कुठून आणलीस?"

"हिंमतरावकाकांच्या बिल्डिंगमध्ये कॉम्प्युटर क्लास उघडला ना बाई, तिथं फुकट वाटल्या. मला आणि सार्थकला एकदमच मिळाल्या."

पट्टीवर क्लासचं नाव लाल अक्षरांत झळकत होतं. फुकटच्या पट्टीचा सेंटिमीटर मोजतो कोण? मला स्वतःचा भयंकर राग आला. पोरीने मापापासून कोनापर्यंत सगळं बरोबर केलं होतं आणि मी तिला चोर ठरवून बसले होते. मी तिथल्या तिथे तिच्या उत्तरपत्रिकेवर पूर्ण गुण लिहिले आणि म्हणाले, "पूर्णिमा, माझी चूक झाली. दीनानाथ, हिला कुठेही धाडू नका. हिचा हात फार स्वच्छ आहे."

"बरं झालं," ते म्हणाले. "जाय वर्गात."

ती गेली. ते मात्र उठले नाहीत. टेबलावर शेजारी शेजारी पडलेल्या दोन उत्तरपत्रिकांकडे पाहत राहिले.

"बाई, दोघायचं एकसारखंच होतं ना?"

"हो. अगदी एकसारखं."

"मंग हिंमतरावायले कव्हा बोलावलं होतं तुमी?"