जावईबापूंचा खांदा

आत्याच्या कारखान्यात प्लास्टिकचे सांगाडे बनत. साच्यातून हाडं निघत, तारकाका त्यांना भोकं पाडून तारेने जोडत, आणि जोडलेला प्रत्येक सांगाडा कोपऱ्यातल्या जुन्या नमुन्याशी ताडून पाहिला जाई. त्या नमुन्याला सगळे जावईबापू म्हणत. कामाला हात लावायचा नाही, नुसतं उभं राहायचं, आणि तरी शब्द मात्र त्यांचाच शेवटचा.

भाची प्राणिशास्त्र शिकून नुकतीच इथे आली होती. आत्याने तिला स्वच्छ सांगितलं होतं, "एक सांगाडा एकटीने जोड. गिऱ्हाइकाने नावं ठेवली नाहीत तर जोडणीचं टेबल तुझं. नाहीतर पॅकिंगला बस."

तिने जोडला. गुडघ्याच्या वाट्या, बरगड्यांचा उतार, सगळं चोख, जावईबापूंशी तंतोतंत. दुपारी कॉलेजची गाडी यायची होती. खोक्यात ठेवण्याआधी तिने शेवटचा हात फिरवला. अभ्यासाच्या दिवसांपासूनची सवय होती ती: एक हात स्वतःच्या अंगावर, दुसरा सांगाड्याच्या त्याच हाडावर. कोपर झालं, मनगट झालं. गळ्याखालच्या आडव्या हाडावर, कॉलरबोनवर, बोट अडखळलं. तिचं स्वतःचं हाड वरून गुळगुळीत होतं. याच्या वरच्या अंगाला उथळ पन्हळ होती.

पन्हळ हवीच, पण खालून. तिथे एक बारीक स्नायू चिकटतो. म्हणजे डावं हाड उजवीकडे बसलं होतं आणि उजवं डावीकडे. लबाडी अशी, की ही अदलाबदल केली तरी जाड टोक छातीकडेच राहतं, चपटं खांद्याकडे, बाकही पुढेच. हाड फक्त पालथं पडतं.

ती जावईबापूंकडे गेली. बोट तिथेही अडखळलं.

"काका, यांचे कॉलरबोन उलटे आहेत."

"जावयाची खोड काढू नये, पोरी," तारकाका म्हणाले. "गेल्या वर्षी हे खाली आपटले, तेव्हा तुझ्या आत्यानेच पुन्हा बांधलेत. गिऱ्हाईक दात बघतं, जबडा हलवतं. खांद्याला कोण हात लावतंय? घाल खोक्यात. आधी टेबल पदरात पाडून घे, मग काढ दुरुस्त्या."

सल्ला व्यवहारी होता. आत्याला तिची चूक दाखवणं म्हणजे वाघाच्या दाढा मोजणं. पण बोटाला जे कळलं ते आता न कळल्यासारखं कसं करायचं? तिने आत्याला हाक मारली.

आत्या बोटांच्या हाडांचा ट्रे हातात घेऊनच आली. सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे माझी चूक."

"माझीही. मी जावईबापूंवर विसंबले, हाड पाहिलंच नाही."

"पण उलटे आहेत, हे कशावरून?" आत्याने विचारलं.

"ट्रे ठेव. एक बोट स्वतःच्या कॉलरबोनवर फिरव, दुसरं त्यांच्या."

आत्याने फिरवलं. मग बाजू बदलून पुन्हा. तारकाकांना अचानक एक सरळच असलेली तार सरळ करायची आठवण झाली.

"वर्षभरात असे किती गेले हो?" आत्याने त्यांना विचारलं.

"गेले ते सगळे असेच."

"मग सगळ्यांच्या दारी जायचं. गाडी मी चालवीन, पक्कड हिच्या हातात."

"आणि टेबल?" भाचीने विचारलं. "गिऱ्हाइकाने नावं ठेवली नाहीत तर, असं म्हणाली होतीस."

"गिऱ्हाइकाला संधी कुठे दिलीस? त्याच्या आधी तूच ठेवलीस." आत्याने ट्रे उचलला. "बस टेबलावर. कॉलेजवाल्यांना मी चहा पाजते. तो संपेपर्यंत उरक."

तिने आधी जावईबापूंना आडवं केलं. तारकाकांनी पक्कड पुढे केली आणि म्हणाले, "इतक्या वर्षांत जावयाला कोणी ऐकवलं नव्हतं."

"खांदा धरा घट्ट," ती म्हणाली.

तार सुटली, हाडं बाजू बदलून बसली, तार पुन्हा आवळली. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. तिने मान वर केली नाही. छातीपासून खांद्यापर्यंत वरून बोट फिरवलं. कुठेही अडलं नाही.

"आता माझा," ती म्हणाली, आणि तारकाकांनी तिचा सांगाडा टेबलावर घेतला.