नमिताची नऊची हजेरी

महाप्यातल्या त्या कंपनीने तिसरा मजला नवा केला आणि पहिली कुऱ्हाड पडली ती टेबलांवर. कुणाचं टेबल कुणाचं राहिलं नाही. आदल्या दिवशी मोबाइलवर जागा बुक करायची, सकाळी सव्वानऊच्या आत टेबलावरचा कोड स्कॅन करायचा, तीच हजेरी; नाहीतर जागा दुसऱ्याला. याला म्हणे लवचीक ऑफिस! लवचीक कसलं डोंबलाचं? वाकायचं होतं ते माणसांनीच.

सत्तावीस वर्षं ऑफिसची व्यवस्था बघणाऱ्या कमळाकरला मात्र यात भिण्यासारखं काही दिसलं नाही. लग्नाची पंगत असो की गावजत्रेतलं नाटक, रुमाल टाकला की जागा आपली, आणि तो रुमाल कुणी उचलत नाही, एवढंच त्याला ठाऊक.

अकाउंट्समधली नमिता लांब करंजाड्याहून यायची. दीड वर्षाच्या लेकीला पाळणाघरात सोडून पोचेपर्यंत दहा वाजायचे. घर तिच्या एकटीच्या पगारावर. जुना साहेब चालवून घ्यायचा, कारण ती सातपर्यंत बसायची. नवं यंत्र कसलं चालवून घेतंय! कमळाकर म्हणाला, "पोरी, तुजा पासवर्ड दे. मी हाय ना!" मग रोज नऊला तो तिच्या नावाने कोड स्कॅन करायचा आणि खुर्चीवर आपला रुमाल टाकायचा.

प्रत्येक टेबलाखाली काडेपेटीएवढी काळी डबी चिकटवलेली होती. "एसीसाठी आहे, काका," नवा मॅनेजर विपुल म्हणाला होता. कमळाकरला ते खरं वाटलं.

तीन महिन्यांनी ऐन दुपारी विपुलने त्याला काचेच्या खोलीत बोलावलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. हा माणूस एरवी कुणाला पाणी देत नसे. गेल्या महिन्यात या खोलीत पाणी पिऊन गेलेले अकराजण पुन्हा मजल्यावर दिसले नव्हते.

"नमिता मॅडमची हजेरी नऊची लागते. डबी म्हणते, दहापर्यंत खुर्चीत माणूसच नाही. बासष्ट दिवस! खोटी हजेरी म्हणजे सरळ घरी, काका."

"अवो साहेब, पन ती सातपर्यंत बसते!"

"तो प्रश्न नाही. कुणीतरी तिच्या नावाने स्कॅन करतंय. कोण, ते कळलं तर काहीतरी बघता येईल."

कमळाकरच्या रिटायरमेंटला अकरा महिने होते. पण आपल्यापायी त्या लेकराच्या तोंडचा घास जायचा, हे काही त्याला सोसवेना.

"मीच करतो, साहेब. तिचा काय दोष नाय. माजं काय करायचं ते करा."

"लिहून द्याल?"

त्याने लिहून दिलं. नमिता दहाला येते, तोवर मी तिच्या नावाने स्कॅन करतो. खाली सही ठोकली. छातीवरची धोंड उतरल्यासारखं वाटलं त्याला.

"आता ती वाचली ना?"

विपुलने कागद दोनदा वाचला आणि फाइलीत नीट लावला.

"काका, चौकशीत नुसत्या डबीचं कोण ऐकतंय? कुणीतरी माणसाने सांगावं लागतं. तेवढंच अडलं होतं." मग काचेतून बाहेर बघत तो म्हणाला, "जाताना मॅडमना आत पाठवा."

टेबलावर त्याने पाण्याचा दुसरा ग्लास आधीच भरून ठेवला होता.