चोचीतला उजेड

मी एक जुना तांब्याचा बगळा आहे. हसू नका, मित्रांनो. बागेतला बगळा म्हणजे नुसती शोभा, असं तुम्हाला वाटत असेल तर जरा थांबा. माझे पाय लोखंडाचे, मान एका खिळीवर फिरणारी आणि चोचीतल्या आकड्याला टांगलेला लिंबाएवढा स्फटिक. ज्या तांबटाने मला ठोकून घडवलं, त्याने ही मान मनासारखी होईपर्यंत पुन्हा पुन्हा केली होती. त्यामुळे मला तिची थोडी मिजास आहे, ती मी लपवत नाही.

मला घरी आणलं एका शिंप्याच्या बायकोने. सगळे त्या दोघांना काका-काकू म्हणत, मीही म्हणतो. काका खिडकीशी शिवणाच्या मशीनवर बसत. काकूंनी मला नेमकं त्या खिडकीसमोर रोवलं. ऊन माझ्या स्फटिकातून आत जायचं आणि काकांच्या मशीनवर रंगीत उजेडाचा तुकडा पडायचा. ऊन सरकलं की तोही सरकायचा. मग काका मान वर न करता म्हणायचे, "गेला गं उजेड." काकू हातातलं काम टाकून यायच्या, माझी मान जराशी वळवायच्या, आणि रंग पुन्हा मशीनवर. या माणसाला बसल्या जागी इंद्रधनुष्य लागतं, असं त्या पुटपुटायच्या खऱ्या. पण आल्या नाहीत असं कधी झालं नाही.

माझी बडदास्तही त्या जातीने ठेवायच्या. स्फटिक धुवायचा तो सावलीत, कोमट पाण्याने; उन्हात तापलेल्यावर गार पाणी पडलं तर तडकायचा. मग मलमलीच्या चिंधीने पुसायचा. माझे पाय कोरडे करायचे आणि मानेच्या खिळीत काकांच्या मशीनचं तेल सोडायचं. मशीन माझं आहे की त्या बगळ्याचं, असं काका कुरकुरत, आणि तेलाची बुधली स्वतःच खिडकीतून पुढे करत.

शेवटच्या वेळी तेल घालताना काकूंना दम लागला. त्यांनी स्फटिकाला धरून तोल सावरला. तेलकट अंगठ्याचा ठसा त्यावर उमटला. तो पुसायला त्या परत आल्याच नाहीत.

पुढे त्यांची मुलगी माहेरी राहायला आली. आईची चिंधी घेऊन ती माझ्यापाशी आली, तोच काका आतून धावत आले. "हात लावू नकोस," ते म्हणाले. "तिचा अंगठा आहे त्यावर." मुलीने चिंधीची घडी केली आणि ती आत गेली.

तेव्हापासून मला कुणी हात लावला नाही. निदान जिवंत माणसाने तरी नाही.

तेलावर धूळ बसली, धुळीवर पाऊस पडला. स्फटिक गढूळ झाला, माझ्या अंगावर हिरवी पुटं चढली, खिळी गंजून गच्च बसली. काका रोज सकाळी येत, ठसा शाबूत आहे ना ते पाहत आणि आत जाऊन झाकण घातलेल्या मशीनपाशी बसून राहत. मशीन बंद, बोलणंही बंद.

आणि दुपार कलली की काकू यायच्या. मला भीती वाटायची, खोटं कशाला सांगू? बागेत कुणी नसायचं, एक पान हलत नसायचं, आणि माझ्या मानेवर ओळखीचा दाब यायचा. तोच अंगठा. रेटायचा, थांबायचा, पुन्हा रेटायचा. माझी मान काही वळत नव्हती. आत काका त्यांची खूण जपत बसलेले, बाहेर त्या येऊन हात टेकून परत जायच्या आणि मधे मी, गंजलेला. कसं सांगणार? तांबटाने मला चोच दिली, आवाज दिला नाही.

एका सकाळी काका समोर उभे असतानाच माझा गंजलेला आकडा तुटला. स्फटिक सुटला. काकांनी तो वरच्या वर झेलला आणि घट्ट धरला. मग हळूच मूठ उघडली. काकूंचा ठसा होता तिथे आता काकांचाच अंगठा उमटला होता.

ते माझ्या पायाशी मटकन बसले आणि लहान मुलासारखे रडले. मलाही वाटलं, संपलं सगळं.

बऱ्याच वेळाने ते उठले. कोमट पाणी आणलं, सावलीत बसून स्फटिक धुतला. तार वळवून नवा आकडा केला. खिळीत मशीनचं तेल सोडून माझी मान हलवत राहिले. ती आधी करकरली, मग सुटली.

दुपारी रंग मशीनवर पडले. काकांनी झाकण काढून कसलासा तुकडा शिवायला घेतला. ऊन सरकलं, रंगही सरकून भिंतीवर गेले. सवयीने, मान वर न करता काका म्हणाले, "गेला गं उजेड."

आपण काय बोललो ते कळून त्यांचा हात थबकला.

माझ्या मानेवर दाब आला. या वेळी मी वळलो.

रंग मशीनवर परत आले. काकांनी खिडकीबाहेर पाहिलं नाही. डोळे पुसले आणि पुढची टीप घालायला लागले.

मित्रांनो, तुमच्या बागेत माझ्यासारखा कुणी धुळीने माखून उभा असेल, तर आठवण म्हणून त्याला तसाच ठेवू नका. कोमट पाणी, मऊ चिंधी आणि सांध्यात थोडं तेल, एवढंच आम्हाला लागतं. आणि मान तेवढी मोकळी ठेवा. ती कुणाला वळवायची असेल, सांगता येत नाही.